मदत हवी आहे: सासूबाईंच्या आयरिश आजोबांचं मूळ गाव कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई आयरिश वंशाच्या अमेरिकन. त्यांचे आजोबा १८८० च्या दशकात आयर्लंड सोडून मोंटानातल्या बट शहरात आले आणि तांब्याच्या खाणीत कामाला लागले. आडनाव सुलिवन. सासूबाईंचं वय झालंय, आणि आजोबा नेमके कुठल्या गावचे हे एकदा कळावं एवढीच त्यांची इच्छा आहे. आता मलाही तीच ओढ लागली आहे. इथे वंशावळीचा अभ्यास असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

घरात जे आहे ते आधी सांगते. लग्नाचा चर्चमधला दाखला, मुलांच्या जन्मतारखा लिहिलेलं प्रार्थनापुस्तक आणि मृत्यूच्या बातमीचं एक कात्रण. कात्रणात फक्त 'कॉर्क परगण्यातले' एवढंच आहे. नागरिकत्वाच्या कागदावर तर नुसतं आयर्लंड. १९०६ पूर्वीच्या कागदांवर बहुतेक वेळा एवढंच सापडतं म्हणे.

फोटो तीन आहेत. पहिला जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, ज्याला कॅबिनेट कार्ड म्हणतात तो. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभ्या. खाली सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव आणि बट. आजींच्या बाह्या खांद्यापाशी चांगल्याच फुगीर आहेत, त्यावरून फोटो १८९५ च्या आसपासचा धरलाय. दुसऱ्यात आजोबांच्या कोटावर फीत लावलेला बिल्ला आहे, भिंगातून 'ए. ओ. एच.' वाचता येतं, म्हणजे एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स, आयरिश कॅथलिकांची संघटना. तिसरा सगळ्यात जुना वाटतो. एक म्हातारी, अंगभर घोळदार काळा झगा, डोक्यावर त्याचंच मोठं टोपडं. असे झगे पश्चिम कॉर्कमधल्या बायका वापरत. मागचा स्टुडिओचा छाप अर्धा फाटलाय, 'कॉर्क' तेवढं उरलंय. ही आजोबांची आई असेल का, या विचाराने मला झोप लागत नाही.

माझा अंदाज पश्चिम कॉर्ककडच्या बीअरा द्वीपकल्पाचा आहे. तिथल्या ॲलिहीसच्या तांब्याच्या खाणी १८८० च्या दशकात बंद पडत गेल्या आणि खाणकामगारांची कुटुंबंच्या कुटुंबं बटला आली. लग्नाचे साक्षीदार आणि मुलांचे धर्ममातापिता यांची आडनावंही हॅरिंग्टन, शे अशी बीअराकडचीच आहेत. पण बीअरात सुलिवन म्हणजे घरटी एक! शिवाय ओ'सुलिवन आणि सुलिवन अशी दोन्ही रूपं एकाच माणसासाठी लिहिलेली सापडतात.

आयर्लंडमध्ये शोध घ्यायचा तर टाउनलँडचं नाव लागतं. हा तिथला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग, आणि असे साठ हजारांहून जास्त आहेत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही उघडतात. तसंच इथे, टाउनलँड कळलं की सगळं उलगडत जातं, आणि आम्ही नेमके तिथेच अडलोय. जनगणनेवरून शोधावं तर १९ व्या शतकातल्या बहुतेक याद्या आज नाहीतच. १८६१ ते १८९१ च्या याद्या सरकारनेच नष्ट केल्या, आणि त्याआधीच्या बहुतेक १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दफ्तरखान्याबरोबर जळाल्या. वाचताना फार हळहळ वाटली. पूर्ण उरल्यात त्या १९०१ आणि १९११ च्या, त्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मोफत खुल्या केल्यात.

आजोबांचं जन्मसाल अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत १८६३ आहे, थडग्यावर १८६६. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आयर्लंडमध्ये सगळ्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. त्याआधीचा जन्म असेल तर भिस्त फक्त चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीवर. या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात, पण पानं डागाळलेली आणि बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये.

एक धागा मात्र हाती आहे. जुन्या आयरिश कुटुंबांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव ठेवायची पद्धत होती. प्रार्थनापुस्तकावरून तशी जोडी लावली तर ॲलिहीस आणि कॅसलटाउनबेअर इथे दोन कुटुंबं जुळतात. एका घरातली म्हातारी १९०१ मध्ये साठ वर्षांची आहे आणि १९११ मध्ये चौऱ्याहत्तरची! यावर मी अडखळले होते, पण १९०९ पासून सत्तरीनंतर पेन्शन मिळू लागली आणि त्या गणनेत अनेकांची वयं अशीच वाढली, त्यामुळे हे घर मी सोडलेलं नाही.

तर जाणकारांना विचारायचं ते असं. या दोन कुटुंबांतून एक नक्की कसं करावं? ग्रिफिथच्या जमीन मूल्यांकनात (जमीन कोणाकडे होती याची १८४७ ते १८६४ मधली सरकारी यादी) दोन्ही ठिकाणी सुलिवन आहेत. त्यानंतर कोणत्या जमिनीवर कोणाचं नाव चढलं, हे पाहून काही साधतं का? हायबर्नियन्सच्या शाखांच्या दफ्तरात सभासदाचं जन्मगाव लिहीत का? बटच्या सार्वजनिक अभिलेखागाराला पत्र लिहिणारच आहे, नेमकं काय मागावं ते सुचवा. डीएनए चाचणीला सासूबाई तयार आहेत, पण सगळेच सुलिवन एकमेकांचे नातलग निघणार असतील तर तिचा उपयोग होईल का?

आणि जुन्या फोटोंची माहिती असलेलं कोणी असेल तर झगेवाल्या आजींचा फोटो पाठवते. फाटका छाप आणि पुठ्ठ्याचा आकार यांवरून दशक जरी कळलं, तरी ती कोणत्या पिढीची हे ठरवता येईल.