संपादक म्हणजे पोस्टमन नव्हे

कोणीतरी म्हटलंय, जर्नलमध्ये (संशोधन-पत्रिकेत) छापलेला संशोधनाचा पेपर खोटा निघाला तर दोष लेखकाचा, संपादक नुसता पोस्टमन. मला नाही पटत. एमएमआर लस (गोवर, गालगुंड, रुबेलाची) आणि ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) संबंध सुचवणारा असाच एक पेपर 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलने १९९८ साली छापला आणि पूर्ण मागे घेतला थेट २०१० साली. तोवर कितीतरी आईबाप लशीला घाबरून बसले होते.

नागपुरात मी एका छोट्या जर्नलचं काम बघतो. मागे एका पेपरात दोन वेगळ्या नमुन्यांचे म्हणून दिलेले फोटो एकच निघाले, एक फक्त उलटा फिरवलेला. छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या दोन्ही परीक्षकांच्या नजरेतून सुटलं होतं. लेखक ओळखीचेच. "जाऊ द्या ना भाऊ" म्हणत धरमपेठेत तर्री-पोहे खाऊ घातले. खाल्ले (तर्री झकास होती), आणि मूळ डेटा मागितला. अजून आलेला नाही. पेपरही छापला नाही.