क्लिपा निघाल्या, आता रिटेनर कुठला घ्यावा? (हे माझं दुसऱ्यांदा आहे)

चाफा_सातारा:

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याला हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, वय ३६. गेल्या महिन्यात दातांच्या क्लिपा निघाल्या, २२ महिन्यांनी. आरशात बघून आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली, कारण हे सगळं मी एकदा कमावून गमावलेलं आहे.

पहिल्यांदा क्लिपा लागल्या तेव्हा नववीत होते. वरच्या पटाशीच्या दोन दातांत फट होती आणि डावीकडचा शेजारचा दात तिरका फिरलेला. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून केलं होतं ते. क्लिपा निघाल्यावर एक गुलाबी प्लेट मिळाली, पुढून तार असलेली. घालत जा, एवढंच लक्षात राहिलं. किती वर्षं घालायची, हरवली तर काय करायचं, यातलं काही आमच्या कानावर पडलं नाही. अकरावीत असताना मामेबहिणीच्या लग्नात जेवायला बसताना प्लेट काढली, रुमालात गुंडाळून पानाशेजारी ठेवली. पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, त्यात रुमालही गेला. आई आणि मी कार्यालयाच्या मागे उष्ट्याच्या ढिगात अर्धा तास शोधत होतो. बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. आई म्हणाली, "आता सरळ झालेत ना दात, राहतील की."

राहिले नाहीत. बारावीपर्यंत फट पुन्हा दिसू लागली, पंचविशीपर्यंत तो दात जवळजवळ जुन्या जागी गेला. खालचे समोरचे दात आधी चांगले होते, तेही एकमेकांवर चढले.

आता दात पुन्हा सरकू नयेत म्हणून डॉक्टरांनी तात्पुरते पारदर्शक रिटेनर दिलेत, खाणं आणि ब्रश सोडून दिवसभर घालायचे. कायमचं काय करायचं ते पुढच्या भेटीत ठरवू म्हणालेत. एक, दातांच्या आतल्या बाजूने बारीक तार चिकटवायची. दोन, हेच पारदर्शक पुढे चालू ठेवायचे. तीन, तीच जुन्या पद्धतीची प्लेट. प्लेटबद्दल माझी अडचण खरी आहे. ती घालून 'चूल', 'चांगला' यांतला दंत्य च नीट येत नसे, जीभ टेकते नेमकं तिथेच प्लॅस्टिक. 'चंद्र'मधला च त्यातल्या त्यात जमायचा. आणि मी वर्गात मुलांना हाच फरक शिकवते.

ज्यांनी यातलं काही पाच-दहा वर्षं वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. तार स्वच्छ कशी ठेवता? पारदर्शक रिटेनरला आठ दिवसांतच वास येऊ लागलाय आणि पांढरट थर दिसतोय, तो कशाने जातो?

कडकभाकरी:

ताई, मी सोलापूरचा. खालच्या दातांना आतून तार आहे, या सुळ्यापासून त्या सुळ्यापर्यंत, नऊ वर्षं झाली. एक दातही हललेला नाही, म्हणजे तिसऱ्या वर्षीचा एक प्रसंग सोडून. तो सांगतो, कारण तेच महत्त्वाचं आहे.

आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी रोजची. भाकरी पुढच्या दातांनी मोडायची माझी लहानपणापासूनची सवय. एकदा मोडताना टक्क झालं. दुखलं नाही, तार जागेवर दिसत होती, म्हणून सोडून दिलं. प्रत्यक्षात तार तुटली नव्हती, एका दातावर ती ज्या पांढऱ्या मटेरियलने चिकटवतात ते निघालं होतं. बाकी पाच दात धरलेले आणि एक मोकळा. दोन महिन्यांनी जिभेला कडा लागायला लागली तेव्हा तो दात बाहेर आलेला. तो मागे घ्यायला पुन्हा चार महिने गेले. तेव्हापासून भाकरी हाताने मोडून दाढेकडे टाकतो. ऊस, पेरू, चिक्की, मक्याचं कणीस, सगळं असंच. आणि दर रविवारी छोटा आरसा घेऊन, नखाने प्रत्येक दातावरची तार हलके दाबून बघतो.

स्वच्छतेचं म्हणाल तर शेंगाचटणीचा कूट तारेखाली बसतो आणि नुसत्या ब्रशने निघत नाही. प्लॅस्टिकच्या सुईसारखा फ्लॉस थ्रेडर मिळतो, त्यात दोरा ओवून तारेखालून घालायचा. पहिल्या आठवड्यात मला पंधरा मिनिटं लागायची, आता तीन. दातांच्या फटीत जाणारा बाटलीच्या ब्रशसारखा बारीक ब्रशही आहे. तरी खालच्या दातांच्या आत किटण धरतंच, म्हणून सहा महिन्यांनी सफाई करून घेतो. आळस चालत नाही, हिरडी लगेच सुजते.

ऑर्थो_कोल्हापूर:

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे क्लिपा लावून दात सरळ करणारा डॉक्टर आहे. तोंड बघितल्याशिवाय अमुकच घ्या असं सांगणं बरोबर नाही, पण दात मागे का फिरतात हे कळलं की ठरवणं सोपं जाईल.

दात हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो, म्हणून तर क्लिपांनी सरकतो. क्लिपा काढल्या त्या दिवशी ते तंतू ताणलेलेच असतात. हिरडीतल्या मुख्य तंतूंची नवी घडी बसायला साधारण चार ते सहा महिने लागतात, आणि हाडाच्या वरच्या अंगाला जे लवचिक तंतू असतात त्यांना वर्ष किंवा त्याहून जास्त. फिरलेला दात सरळ केला की हे तंतू पिळलेल्या रबरासारखे वागतात. तुमचा डावीकडचा दात नेमका या जातीचा, आणि पटाशीच्या दातांमधली फटही परत उघडण्यासाठी कुप्रसिद्ध. वरचा ओठ हिरडीला जोडणारा पडदा जाड आहे का, गिळताना जीभ दातांवर ढकलली जाते का, हे डॉक्टरांना मुद्दाम बघायला सांगा. ती कारणं तशीच राहिली तर रिटेनर एकटा किती झुंजणार?

खालच्या दातांचं वेगळं आहे. ज्यांनी कधी क्लिपा लावल्या नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीवाटीने बसतात. लोक अक्कलदाढेला दोष देतात, पण अभ्यासांतून त्याला आधार मिळालेला नाही. केवळ या भीतीने दाढ काढू नका. म्हणून 'किती वर्षं?' याला माझं एकच उत्तर असतं: जितकी वर्षं दात असेच हवेत तितकी, पुढे पुढे फक्त रात्री.

तुम्ही प्लेटला नाही म्हणताय ते समजू शकतो, पण ती वाईट वस्तू नाही. १९१९ साली चार्ल्स हॉली या अमेरिकन दंतवैद्याने तिची माहिती प्रसिद्ध केली, आणि आजही आम्ही ती देतो. तार आवळता येते, दुरुस्ती होते, चावण्याचा पृष्ठभाग मोकळा राहिल्याने दाढा एकमेकींत नीट बसतात, वर्षानुवर्षं टिकते. फक्त रात्री घालायची झाली तर तुमच्या 'च'ची अडचणही उरत नाही. पारदर्शक रिटेनर दिसत नाही, बोलण्यात कमी अडथळा येतो, पण झिजतो आणि तडकतो. झोपेत दात खाणाऱ्यांचा तर लवकरच भोकं पडून जातो.

वरच्या दातांना तार बसवायची की नाही हे तुमच्या चाव्यावर ठरेल. खालचे दात वरच्यांच्या मागे फार खोल जात असतील तर ते तारेवर आपटतील आणि ती सारखी निघेल. जागा असेल तर तुमच्यासारख्या केसमध्ये मी तार बसवतो आणि शिवाय रात्रीसाठी पारदर्शकही देतो. तार कधी निघाली तर तेवढ्यात दात पळत नाहीत. क्वचित असंही होतं की तार घट्ट चिकटलेली असते, पण तिलाच पीळ पडून दात वळू लागतो. म्हणून तार आहे म्हणजे तपासणी नको, असं नाही.

वासाचं आणि थराचं: काढल्या काढल्या साध्या पाण्याखाली धरा, वाळू देऊ नका. मऊ ब्रश आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. टूथपेस्ट नको, तिने ओरखडे पडतात आणि त्यातच घाण बसते. थर पाण्यातल्या क्षारांचा असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं बुडवा, मग घासून भरपूर धुवा. घातलेला असताना पाण्याशिवाय काही पिऊ नका. साखरेचा चहा आत अडकून दाताला तासन्‌तास लागून राहतो, आणि कीड तिथेच सुरू होते.

मुलुंडची_आई:

एकच सांगते. उकळतं पाणी नको! बाळाच्या बाटलीची बुचं उकळायची सवय, त्याच हाताने मी लेकाचा पारदर्शक रिटेनर पातेल्यात टाकला. दोन मिनिटांत आक्रसला, पुन्हा माप द्यावं लागलं. आणि डबी भडक रंगाची घ्या. त्याची नारिंगी आहे, शाळेच्या डब्याच्याच पिशवीत असते. आमच्या घरचा नियम: रिटेनर एक तर तोंडात, नाही तर डबीत. रुमालात, खिशात, ताटाच्या कडेला कधीच नाही.

चाफा_सातारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जाऊन आले. डॉक्टरांनी निळा कागद चावायला लावून खूण बघितली, वर तारेपुरती जागा आहे. वरच्या चार दातांना मागून तार बसवली. खाली तार नको म्हटलं, दोन्हीकडे दोरा ओवणं मला रोज जमणार नाही हे आत्ताच कबूल केलेलं बरं. दोन्ही जबड्यांना पारदर्शक आहेत, पहिले सहा महिने दिवसभर, नंतर रात्री. पडद्याचंही विचारलं, जाड नाही म्हणाले. दातांच्या स्कॅनची फाइल मागून घेतली, म्हणजे एक तडकला तर दुसरा करायला त्यावरून सोपं जाईल.

थर व्हिनेगरने गेला. वास बहुधा चहाचा होता. स्टाफरूममध्ये दिवसाला चार कप होतात आणि मी रिटेनर न काढताच पीत होते. आता दोनच, डबीत काढून ठेवून, चूळ भरून.

काल बाबांना ती लग्नातली गोष्ट सांगितली, वीस वर्षांनी. कर्ज फेडायला किती दिवस लागले विचारलं, तर म्हणाले तीन वर्षं, आणि डबी बघायला मागितली. ते रात्री कवळी काढून वाटीत ठेवतात, तेव्हा मी माझे रिटेनर धुऊन घालते. "घातलास का?" एवढं विचारूनच दिवा घालवतात.

डॉक्टर, एक राहिलं. खालचा सकाळच्या चहानंतर घातला की घट्ट वाटतो. चालेल ना?

ऑर्थो_कोल्हापूर:

पाच-दहा मिनिटांत सैलावत असेल आणि दाताच्या कडेला फट दिसत नसेल तर चालेल, फक्त बाहेर ठेवायचा वेळ कमी करा. पूर्ण बसतच नसेल तर दाबून बसवू नका, गरम पाण्यात वाकवूही नका. त्याच आठवड्यात दाखवा.