मदत हवी आहे: नायगाराहून पुढे कॅनडात हॅमिल्टनला बाबांच्या मामेबहिणीकडे जायचंय

ओवी_एडिसन
नमस्कार. घाई आहे, थेट विचारते. पुढच्या गुरुवारी रात्री न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने नायगाराला निघतोय. मी, नवरा, ५ वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेले माझे आई-बाबा. शुक्रवारी धबधबा, शनिवारी सकाळी हॅमिल्टनला बाबांची मामेबहीण आहे तिच्याकडे, रविवारी परत. बाबा ७६, माईआत्या ८१. ती १९७९ साली लग्न होऊन तिकडे गेली, त्यानंतर एकदाच भेट झालीय दोघांची. दोनच प्रश्न आहेत. सीमा ओलांडायला रेनबो ब्रिजवरून जावं की लुइस्टनच्या पुलावरून? आणि ते एक रात्र राहायलाच या म्हणतायत. आत्याच्या मुला-सुनेला आम्ही कधी पाहिलेलंही नाही. पाच माणसांनी असं जाऊन राहणं बरं दिसेल का? हॉटेलची शनिवारची रात्र रद्द करायची मुदत उद्या दुपारपर्यंत आहे, लवकर सांगा.

रस्ता_माझा_सोबती
हॅमिल्टनला जायचं तर लुइस्टन-क्वीन्स्टन. उतरलं की ४०५ महामार्ग, मग क्यूईडब्ल्यू महामार्ग, सरळ रस्ता. रेनबो गावात उतरवतो, शनिवारी तिथे पर्यटकांची गर्दी. नकाशा व्हर्लपूल ब्रिज सुचवेल तर तिकडे वळू नका, तो फक्त नेक्ससवाल्यांसाठी (आधीच तपासणी होऊन सीमेचा खास पास मिळालेल्यांसाठी) आहे. जाताना वॉटकिन्स ग्लेन चुकवू नका. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, दरीतल्या त्या पायऱ्या आणि १९ धबधबे, नायगारापेक्षा मला तेच जास्त आठवतं.

नलूमावशी
राहा गं. ८१ वर्षांची बाई राहा म्हणतेय, तिला नाही म्हणू नये. माझे मोठे काका असेच लंडनला होते. आम्ही हॉटेलात उतरलो आणि दोन तास चहा पिऊन आलो. पुढच्या वर्षी ते गेले.

केदार_रॉचेस्टर
नलूमावशी, तुमचं पटतं, पण उलट बाजूही बघा. आमच्याकडे उन्हाळ्यात दर आठवड्याला कोणी ना कोणी नायगाराला जाताना उतरतं. माणसं हवीशी असतात, पण पाच जणांचं अंथरूण-पांघरूण, सकाळी एका न्हाणीघराची रांग, आणि सगळं पडतं घरातल्या बाईवर. जेवायला जा, झोपायला हॉटेलात या.

नलूमावशी
मग तुम्ही आधीच सांगा ना पाहुण्यांना. हिला तर बोलावलंय.

घाटावरची
राहण्याचं नंतर ठरवा. आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा झालाय ना? तुम्ही लिहिलं नाहीये.

ओवी_एडिसन
त्यांचा १० वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा आहे. पुलाचं कळलं, धन्यवाद. राहण्याबद्दल अजून कोणी सांगेल का?

घाटावरची
तो अमेरिकेचा झाला. मी कॅनडाचा विचारतेय.

ओवी_एडिसन
कॅनडाचा वेगळा लागतो? मागच्या वर्षी आम्ही दोघं टोरांटोला जाऊन आलो, कोणी काही विचारलं नाही.

घाटावरची
तुमची ग्रीन कार्डं आहेत का?

ओवी_एडिसन
हो, दोघांचीही. मुलगा इथलाच जन्माचा.

घाटावरची
म्हणूनच. ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट असला की कॅनडाचा व्हिसा लागत नाही. मुलाला रस्त्याने जाताना जन्माचा दाखला चालतो, तरी पासपोर्ट असेल तर तोच घ्या. आई-बाबा पर्यटक व्हिसावर आहेत, भारतीय पासपोर्टवर त्यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागणारच. पुलावरूनच परत पाठवतील.

सुहास_आर
घाबरू नका. अमेरिकेचा व्हिसा असेल तर ७ कॅनेडियन डॉलरची ईटीए (कॅनडाची ऑनलाइन प्रवास परवानगी) काढायची, काही मिनिटांत येते. माझ्या ऑफिसातल्या मित्राने काढली होती.

घाटावरची
मित्र कुठल्या देशाचा?

सुहास_आर
फिलिपिन्सचा.

घाटावरची
तिथेच फरक आहे. ती सोय ठरावीक देशांच्या नागरिकांना आहे, त्यात भारत नाही. आणि तीही विमानाने जाणाऱ्यांना, गाडीने नाही. कृपया असं सांगू नका, कोणी खरंच तेवढ्यावर निघेल.

सुहास_आर
बरोबर आहे तुमचं, मला माहीत नव्हतं.

ओवी_एडिसन
मग व्हिसा आठवड्यात मिळेल का? किती पैसे? बाबांना अजून सांगितलेलं नाही.

घाटावरची
माणशी १०० कॅनेडियन डॉलर, वर बायोमेट्रिकचे ८५, एका कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर बायोमेट्रिकचे मिळून १७०. ऑनलाइन अर्ज, मग ठसे द्यायला जायचं, मग मंजूर झाला की शिक्क्यासाठी पासपोर्ट पाठवायचा. आठवड्यात होईल अशी आशा धरू नका.

वैशाली_के
आत्यांकडे फळं, भाजी, मटणाचं काही नेऊ नका. खाऊ न्याल तो विचारला की स्पष्ट सांगा. आम्ही गाडीत छोटा कुकर ठेवतो, मोटेलमध्ये मुगाची खिचडी करतो, वयस्कर माणसांना बरं पडतं.

केदार_रॉचेस्टर
ओवी, एक विचारतो. आत्यांना नीट चालता-बसता येतं का? त्यांच्याकडे कॅनडाचं नागरिकत्व आहे की भारतीय पासपोर्ट?

ओवी_एडिसन
थोडं चालतात, काठी आहे. पासपोर्टचं विचारून सांगते. का?

केदार_रॉचेस्टर
कॅनडाच्या नागरिकांना अमेरिकेत फिरायला यायला व्हिसा लागत नाही. हॅमिल्टन ते नायगारा ७० किलोमीटर. मुलाने त्यांना पुलाच्या अलीकडे, अमेरिकेच्या बाजूला आणावं. फक्त भारतीय पासपोर्ट ठेवला असेल तर त्यांना अमेरिकेचा व्हिसा लागेल, म्हणून विचारलं.

नलूमावशी
अहो, ८१ वर्षांच्या बाईला गाडीत घालून आणायचं? बाबांनाच थांबवा, व्हिसा होईपर्यंत.

ओवी_एडिसन
आई-बाबांचं परतीचं तिकीट २० दिवसांनी आहे मावशी, थांबायला वेळ नाही.

ओवी_एडिसन
आत्ताच आत्यांच्या मुलाशी बोलले. आत्या नागरिक आहेत, पासपोर्ट चालू आहे. तो म्हणाला, मी आणतो, आईला विचारायचीही गरज नाही. तरी त्याने विचारलं. आत्यांनी फोन घेतला आणि बाबांना द्यायला सांगितलं. मला वाटलं व्हिसाचं ऐकून बाबा नाराज होतील. ते तिला एवढंच म्हणाले, "ये, मी पुलाच्या तोंडाशी उभा राहतो." हॉटेल रद्द करत नाही, उलट शेजारची खोली त्यांच्यासाठी घेतली. शनिवारी सकाळी येतील, एक रात्र राहतील.

घाटावरची
फार छान. आत्यांचा एका रात्रीचा प्रवास विमा मुलाला काढायला सांगा. ओंटारियो प्रांताचं सरकारी आरोग्य संरक्षण कॅनडाबाहेर फार तुटपुंजं असतं.

केदार_रॉचेस्टर
आणि पुलाच्या तोंडाशी बाबांना उभं करू नका, तिथे थांबायला जागा नाही. गोट आयलंडवर गाडी लावा, तिथून टेरापिन पॉइंट जवळ आहे, हॉर्सशू धबधबा अगदी समोर पडतो. काठी घेऊन जमतं. वाऱ्याने अंगावर तुषार येतात, दोघांना टोपी-जॅकेट ठेवा.