किडनॅपरसाठी रडले, माझं काही बिघडलंय का?

रात्री_वाचणारी
मंडळी, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. वय ३८, मुलगी नववीत, आणि मी वाचते काय तर टीनएजर पोरापोरींसाठी लिहिलेल्या इंग्लिश कादंबऱ्या. सोळा वर्षांची मुलगी, एक धोकादायक मुलगा आणि जीव वाचवायची मारामार, हे तीन असलं की मला जेवण सुचत नाही. घरचे चिडवतात, ते चालतं. पण परवा लुसी ख्रिस्तोफरची 'स्टोलन' (२००९) संपवली आणि रात्री दीड वाजता ओट्याला टेकून रडले. त्या पोरीसाठी नाही हो, तिला पळवणाऱ्यासाठी!

वाचली नसेल तर थोडक्यात: बँकॉक एअरपोर्टवर जेमा कॉफी घ्यायला आईबाबांपासून बाजूला होते, टाय नावाचा एक देखणा माणूस कॉफी घेऊन देतो, कॉफीत गुंगीचं औषध, आणि डोळे उघडतात ते ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात. तो तिच्यावर ती लहान असल्यापासून पाळत ठेवून असतो, म्हणजे किळसच यायला हवी, आणि येतेही. पण मग तो तिला तिथली झाडं, साप, मातीचे रंग दाखवायला लागतो, एक रानटी उंट पकडून माणसाळवायचं चालतं, आणि अर्ध्याच्या पुढे कधीतरी मी 'पळ गं पोरी' म्हणायचं बंद केलं. कधी केलं तेच आठवत नाहीये.

असं तुमचं होतं का? आणि मुलगी मागतेय, देऊ का?

ताक_पिऊन_झोपा
रात्री दीडला ओट्यापाशी? ताई, फ्रिज उघडायला गेला होतात हे कबूल करा.

अर्धवट_भाषांतरकार
बिघडलं काही नाही, लेखिकेने तुम्हाला बरोब्बर गंडवलंय. अख्खं पुस्तक जेमाने टायला लिहिलेलं पत्र आहे ना, म्हणजे पानोपानी 'यू'. तिच्या रागातसुद्धा तोच समोर बसलेला, आणि सांगतेय तीच, त्यामुळे ती विरघळायला लागली की आपल्याला धरून उभं राहायला दुसरं कोणी नाहीच. मी हौसेखातर पहिली काही पानं मराठीत करून बघितली आणि पहिल्याच वाक्याला अडलो. इंग्लिशला 'यू' एकच, फुकटात सुटतात, आपल्याकडे ठरवावं लागतं. अनोळखी माणूस, वयाने मोठा, तर 'तुम्ही'? पण पत्र लिहिते तेव्हा सगळं घडून गेलंय, आता ती त्याला 'तुम्ही' म्हणेल होय? आणि 'तू' लिहिलं की पहिल्या ओळीतच जवळीक झाली, पुस्तकाने जी दोन-अडीचशे पानं खपून करायची ती एका अक्षरात! शेवटी 'तू'च ठेवलं आणि चार दिवस तोंड आंबट करून फिरलो.

गावठी_बाण
मला यातलं रोमान्स प्रकरण झेपत नाही, मी जगण्यामरण्यासाठी वाचतो. तरी सांगतो, प्रेम आणि जीव वाचवणं यांची सगळ्यात हुशार गाठ 'हंगर गेम्स'मध्ये (२००८) आहे. पोरापोरींना टीव्हीसाठी एकमेकांचा जीव घ्यायला मैदानात सोडतात, कॅटनिस आणि पीटा त्यातलेच. गुहेत पीटा तापाने फणफणलेला, खायला धड काही नाही, कॅटनिस त्याला किस करते आणि वरून पॅराशूटने गरम सुपाचं भांडं येतं. तिला लगेच हिशोब कळतो, टीव्हीवर बघणाऱ्यांना लव्हस्टोरी हवीय, ती दिली तर पोटाला मिळेल. आता तिला तो खरंच आवडतो की भूक लागलीय, हे तिलाच कळत नाही. मी तो भाग शिवशाहीत उभ्याने वाचलाय, स्टॉप गेला माझा.

कडक_मावशी
सगळे कौतुकच करताय, मी जरा मीठ टाकते. 'ट्वायलाइट' मी विशीत वाचलं, एडवर्ड रात्री खिडकीतून येऊन बेलाला झोपलेली बघत बसतो तर मी उशीत तोंड खुपसून लाजत होते. आता पोरगी पदरात आल्यावर तेच पान वाचलं आणि पहिला विचार आला, खिडकीला ग्रिल नाही का यांच्या?! आणि हे फक्त इंग्लिशमध्ये नाही हं. आपल्या 'शाळा'तला जोशी शिरोडकरच्या मागे मागे फिरतो, ती दिसावी म्हणून काय काय खटपटी करतो, आपण सगळे त्याच्या बाजूने, कारण सांगतोय तो. शिरोडकरला काय वाटत असेल याचा विचार मी पहिल्या वाचनात केला नव्हता. तरी जोश्या बिचारा नववीतला पोरगा, त्याची आणि टायची बरोबरी नाही करत मी. औषध घालून विमानात बसवणारा हिरो नव्हे, गुन्हेगार.

रात्री_वाचणारी
@कडक_मावशी ग्रिलला मेले 😂 पण म्हणूनच विचारते, ओलीस धरणाऱ्याबद्दलच जिव्हाळा वाटायला लागतो, ते स्टॉकहोम सिंड्रोम म्हणतात ते मला घरबसल्या झालं का?

शांतपणे_सांगतो
नाही. ते नाव १९७३ च्या स्टॉकहोममधल्या बँक दरोड्यावरून पडलं, चार ओलीस, सहा दिवस. बाहेर आल्यावर ते दरोडेखोरांच्या बाजूने बोलले म्हणून त्यांना आजारी ठरवलं. पण त्यातल्या एकीचं म्हणणं होतं की आतल्यांपेक्षा बाहेरच्या पोलिसांच्या गोळीबाराची भीती जास्त वाटत होती, आणि पोटातली भीती बघितली तर यात वेडेपणा काय आहे? मानसोपचारवाल्यांचं आजारांच्या यादीचं पुस्तक असतं, डीएसएम, त्यातही हा आजार म्हणून नाही. जेमाचं बघा, ती गाडी घेऊन पळते, गाडी वाळूत रुतते, उन्हाने मरायला टेकते, आणि तिथे शोधत येणारा माणूस एकच, टाय. पाणी त्याच्या हातात, सावली त्याच्या हातात. अशा माणसाबद्दल नुसता द्वेष करत राहणं शरीराला परवडत नाही. पण ती सोय जेमाची, ताई. तुमच्या नळाला पाणी आहे. तुम्ही रडलात ते पुस्तक चांगलं आहे म्हणून.

कडक_मावशी
हे पटलं. मुलीला द्या मग, पण तुम्ही आधी काही बोलू नका. ती कुठल्या पानावर त्याच्या बाजूने झाली ते तिला विचारा.

रात्री_वाचणारी
दिली. काल संध्याकाळी. बाईसाहेब रात्री अकराला बाहेर येऊन म्हणाल्या, "आई, ही मूर्ख आहे का, अनोळखी माणसाकडून कॉफी कोण घेतं?" आणि परत आत. आज सकाळी डोळे लाल, विचारलं तर म्हणे सर्दी.

गावठी_बाण
उंटाचं काय होतं ते आधी सांगा. उंट मरत असेल तर मी हात लावणार नाही.

रात्री_वाचणारी
नाही सांगणार. वाचा. आणि या वेळी बसून वाचा.