शनिवारच्या शाळा : अनुदानाआधीचा इतिहास

काही जण असे म्हणतात की, कृष्णवर्णीय मुलांसाठीचे शैक्षणिक उपक्रम सरकारी अनुदान मिळाल्यावरच मूळ धरतात. ब्रिटनमधील पूरक शाळांचा, म्हणजे नेहमीच्या शाळेखेरीज बहुधा शनिवारी भरणाऱ्या शाळांचा, इतिहास पाहता हे विधान टिकत नाही. 1960 च्या दशकात कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांची कितीतरी मुले ज्या बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे 'शैक्षणिकदृष्ट्या मंद' ठरवून वेगळ्या शाळांत धाडली जात, त्या चाचण्यांची भाषा आणि संदर्भ या मुलांना परके होते. अशा शाळांत स्वतः शिकवलेल्या बर्नार्ड कोर्ड यांनी 1971 मध्ये एका पुस्तिकेद्वारे हा प्रकार चव्हाट्यावर आणला. ही पुस्तिका प्रकाशित करणारे त्रिनिदादचे जॉन ला रोझ यांनी मात्र त्याआधीच, 1969 मध्ये, उत्तर लंडनमधील आपल्या राहत्या घरी आफ्रिकी एकतेचे पुरस्कर्ते लेखक जॉर्ज पॅडमोर यांच्या नावाने पूरक शाळा सुरू केली होती. पालक आणि स्वयंसेवक अशा शाळा सरकारी अनुदानाची वाट न पाहता घरांत किंवा चर्चच्या सभागृहांत चालवीत. तेथे वाचन व गणिताबरोबर आफ्रिका आणि कॅरिबियनचा इतिहासही शिकवला जाई. माझ्या मते त्यांचे खरे बळ या इतिहासाच्या तासात होते, कारण नेहमीच्या शाळेत या मुलांना आपल्या पूर्वजांविषयी गुलामगिरीपलीकडे क्वचितच काही ऐकायला मिळे. 'मंद' हा शिक्का कायद्यातून गेला तो 1981 च्या शिक्षण कायद्यानंतर, आणि त्यामागे याच पालकांचाही दीर्घ पाठपुरावा होता.