घरी जाऊन शेवटच्या आजारातल्या माणसांची सेवा: मला जमेल का?

उद्यमनगर_लेथ:
आईला जाऊन वर्ष होईल. स्वादुपिंडाचा कॅन्सर. "आता घरी न्या, काय हवं ते खायला घाला" एवढंच सांगून दवाखान्यानं पाठवलं. दुखण्यावर काय द्यायचं ते कुणी बोललं नाही. शेवटी शेवटी एक सिस्टर आणि एक काकू घरी यायला लागल्या, तेव्हा कुठं आई रात्रभर झोपली. आता मलाही हे करायचंय. पण मी लेथवर काम करतो, सुट्टी फक्त सोमवारी. माझा काय उपयोग होईल?

पेठेतली_काकू:
सोमवार पुरे आहे हो. मी सहा वर्षं जाते, मलाही औषधातलं काही कळत नव्हतं.

शुक्रवार पेठेत एक आजोबा होते, जुने पैलवान. अंग इतकं झिजलेलं की चादरीखाली कुणी आहे असं वाटू नये, पण कान तालमीतले, मोडलेले. सून चार महिने उशाशी. म्हटलं, "पोरी, मी बसते, तू अंघोळ करून ये." पाऊण तास झाला तरी बाहेर येईना. दार वाजवलं, तर ती पाटावर बसल्या बसल्या झोपलेली, बादलीतलं पाणी गार. तेव्हापासून मी कुठल्याही घरात गेले की आधी बघते, सांभाळणारं माणूस जेवलंय का, झोपलंय का.

आजोबांना गंगावेशीतलं धारोष्ण दूध हवं होतं. घोट उतरत नव्हता. मुलगा घेऊन आला, सिस्टरांनी कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावला. आजोबांनी जीभ फिरवली आणि डोळे मिटून पडून राहिले.

एक मात्र सांभाळा. "धीर धरा, बरे व्हाल" म्हणू नका. "मी वाचणार का?" असं विचारलं तर "तुम्हाला काय वाटतंय?" एवढं म्हणून गप्प बसा. त्यांना बोलायचं असतं.

सिस्टर_कोल्हापूर:
काकूंनी सांगितलं ते खरं. मी औषधाचं सांगते, कारण घराघरांत हाल तिथंच होतात. मॉर्फिन म्हणजे जोराच्या दुखण्यावरचं, अफूपासून बनणारं औषध. त्याची साधी गोळी सहसा दर चार तासांनी असते. दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळ बघून. सोबत पोट साफ व्हायचं औषध. "सवय लागेल" म्हणून गोळ्या कपाटात ठेवून माणसाला कण्हत ठेवलेलं मी पाहिलंय, फार वाईट वाटतं. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळं दवाखाने हे औषध ठेवायलाच कचरायचे. २०१४च्या दुरुस्तीनं वाट बरीच मोकळी झाली, लोकांच्या मनातली भीती अजून गेली नाही. डोस तुम्ही ठरवायचा नाही, पण वेळा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

केरळात हे काम गल्लीतल्या माणसांनीच उभं केलंय. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार.

आणि तुमच्यासारखे हात आम्हाला हवेतच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ऐंशी किलोचा नवरा एकट्या बायकोला कसा हलणार? शिवाय पुरुष रुग्ण आमच्याकडून अंग पुसून घ्यायला लाजतात.

उद्यमनगर_लेथ:
कूस बदलायला आईला मीच धरायचो. हे जमेल मला. सोमवारी कुठं येऊ?

पेठेतली_काकू:
पत्ता मेसेजमध्ये पाठवते. दहाला या. येताना नखं काढून या, त्यांची कातडी फार पातळ झालेली असते.