प्युरेक्समध्ये युरेनियम अन् प्लुटोनियम एकमेकांपासून वेगळे कसे होतात?

धंतोलीची पोर
एम.एस्सी. रसायन, दुसरं वर्ष, नागपूर. सेमिनारला प्युरेक्स घेतलंय, म्हणजे वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम अन् प्लुटोनियम काढून घ्यायची पद्धत. ट्रायब्युटिल फॉस्फेट म्हणजे टीबीपी हे सॉल्व्हंट दोघांनाही ॲसिडातून उचलतं, मग पुढे फारकत कशी होते? पुस्तकात नुसते बाणच बाण. अन् उरलेला कचरा निरुपद्रवी होतो का?

जुना फनेलवाला
बाण ठेव बाजूला. इंधन पुनर्प्रक्रियेत नोकरी केली, आता मनीषनगरात निवांत आहे, म्हणून सांगतो. तुमच्या लॅबला युरेनिल नायट्रेट असेल तर सरांना सोबत घेऊन बघ. सेपरेटिंग फनेलमध्ये नायट्रिक ॲसिडातलं पिवळं द्रावण, त्यावर केरोसीनमध्ये मिसळलेलं टीबीपी. हलव, फनेल उलटा धरून नळ उघड, वाफ सोड, उभं ठेव. पिवळा रंग वरच्या थरात चढलेला दिसेल. प्लांटातही हेच, फक्त जाड काँक्रीटच्या भिंतीआड, डोडेकेन या केरोसीनसारख्या द्रवात 30 टक्के टीबीपी घेऊन. सीझियम, स्ट्रॉन्शियम असे अणू फुटून झालेले किरणोत्सारी तुकडे खाली ॲसिडातच राहतात.

आता फारकत. टीबीपीला +4 ऑक्सिडेशन अवस्थेतलं, म्हणजे चार इलेक्ट्रॉन गमावलेलं प्लुटोनियम चालतं, +3 चालत नाही. युरेनस नायट्रेट, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं +4 युरेनियमचं संयुग, दिलं की प्लुटोनियम +3 होतं अन् मुकाट्यानं ॲसिडात उतरतं. युरेनियम +6 वरच बसून राहतं. त्याला नंतर एकदम पातळ ॲसिडनं उतरवायचं.

सेमिनारात कोणी बोलत नाही ते असं, की किरणोत्सारानं टीबीपी स्वतःच तुटतं. त्यातून डायब्युटिल फॉस्फेट तयार होतं अन् ते प्लुटोनियमला धरून बसतं, सोडतच नाही. म्हणून सोडियम कार्बोनेटनं धुतल्याशिवाय सॉल्व्हंट परत वापरायचं नाही. आमचा निम्मा जीव त्या धुलाईतच गेला बाप्पा!

कोराडीकर
म्हणजे किरणोत्सार संपला नाहीच? आमच्या कोराडीच्या वीज केंद्रातल्या राखेसारखं, ढीग इकडचा तिकडे.

जुना फनेलवाला
संपत नाही भाऊ, निवडला जातो. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनात 98 टक्क्यांहून जास्त युरेनियमच असतं. जहाल माल थोडका, तो बोरोसिलिकेट काचेत कोंडतात. सीझियम-137 चं अर्धायुष्य 30 वर्षांचं, म्हणजे 300 वर्षांत हजारावा हिस्सा उरतो. भाभा अणुसंशोधन केंद्रानं तर तेच सीझियम कचऱ्यातून काढून काचेच्या कांड्या बनवल्या, रक्तपेढीतल्या रक्तावर किरण सोडायला. खरी कटकट अमेरिसियम-241 ची, अर्धायुष्य 432 वर्षं. ते +3 असतं, म्हणून टीबीपी त्याला विचारतच नाही, कचऱ्यातच राहतं. त्याला वेगळे सॉल्व्हंट लागतात.

धंतोलीची पोर
काका, ॲसिड किती मोलर घेऊ?

जुना फनेलवाला
3 ते 4. अन् उरलेलं सिंकमध्ये ओतू नको, लेबल लावून बाटलीत ठेव.